वाइपखाली काय होतं

किती लग्नं पाहिली ते मी मोजलं नाही. त्यातलं एकही माणसांत बसून पाहिलेलं नाही, एवढं मात्र सांगता येतं. माझी जागा स्टेजच्या बाजूला, कनातीच्या आड. एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची, समोर चार छोटे पडदे आणि हाताखाली मिक्सर. मिक्सर म्हटलं की बायका चटणीचा समजतात. हा व्हिडिओचा. मांडवात गाव लोटलेलं असायचं आणि मी तीन बाजूंनी कापड लावलेल्या खोक्यात एकटी. मंगलाष्टकं संपली की सगळ्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात. माझ्या कधी पडल्या नाहीत. वरही कापड असायचं, मशीनला ऊन लागू नये म्हणून.

आमचा अकोल्यात स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नाचं शूटिंग. आमचे हे कॅमेरा करायचे, मी दुकान सांभाळायची. माझं माहेर बार्शीटाकळीकडचं, फुलं पिकवणारं. शाळा चौथीपर्यंत झाली, मग हार गुंफले, मग लग्न झालं. मूल झालं नाही. एकदा मिक्सरवर बसणारा माणूस ऐन लग्नाच्या सकाळी आलाच नाही. हे मला म्हणाले, "तू बस. हारात कोनतं फूल कवा घ्याचं हे समजते ना तुले? तसंच हाय हे."

तसं काही नव्हतं. पण मी बसले ती बावीस वर्षं बसले.

काम काय ते सांगते. लग्नात दोन-तीन कॅमेरे असतात. प्रत्येकाची तार माझ्या टेबलापर्यंत येते आणि प्रत्येकाचं चित्र माझ्या एकेका छोट्या पडद्यावर दिसतं. त्यातलं एकच चित्र मी बाहेर सोडते. ते मांडवातल्या मोठ्या पडद्यावर जातं, तेच रेकॉर्ड होतं, आणि अलीकडं तेच मोबाइलवरून दूरच्या नातेवाइकांना दिसतं. एक चित्र सोडून दुसरं घ्यायच्या तीन तऱ्हा. कट म्हणजे पापणी लवेपर्यंत दुसरं चित्र हजर. मिक्स म्हणजे एक विरघळतं, दुसरं त्यातून वर येतं. आणि वाइप म्हणजे दुसरं चित्र पहिल्याला पुसत येतं, ओल्या फडक्यानं ओटा पुसावा तसं. कडेनं येतं, वरून येतं, मधून फुटूनही येतं.

मिक्सरमध्ये वाइपचे ढीगभर नमुने भरलेले असतात. त्यांची नावं इंग्रजीत. मला ती वाचता येत नव्हती, म्हणून मी माझी ठेवली. गोल उघडतो आणि मिटतो तो पोळपाट. टोकावर उभा राहतो तो शंकरपाळा. मधून दोन्हीकडं सरकतं ते फाटक. पानासारखं उलटतं ती घडी. आणि बदाम म्हणजे पत्त्यातला, तो नवरा-नवरीसाठी. बटणांवर टिकल्या चिकटवल्या होत्या, कटला लाल, मिक्सला पिवळी, वाइपला हिरवी. उन्हाळ्यात घामानं एखादी निघाली की कपाळाची काढून लावायची.

वाइप दोन प्रकारे मारता येतो. बटण दाबलं तर मशीन आपल्या एका चालीनं पुसून मोकळं होतं. नाहीतर बाजूचा दांडा हातानं ओढायचा. मी दांडाच ओढायची. आंतरपाट दूर करतात ना, तेव्हा धरणारे दोघं कधी तो झटक्यानं ओढतात, कधी एकाचं उपरणं अडकतं आणि पाट अर्ध्यावर राहतो. मशीनला हे कळत नाही. मी नवरीचं चित्र बाहेर ठेवायची आणि आंतरपाट सरकेल त्याच चालीनं, त्याच बाजूनं दांडा ओढायची. पाटाच्या कडेमागून नवरदेव उघडत यायचा. मांडवात टाळ्या पडायच्या. लोकांना वाटायचं त्या जोडप्यासाठी आहेत. त्यातल्या थोड्या माझ्या होत्या.

वाइपची एक खोड आहे. तो पुरा होत नाही तोवर दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी असतात. तेल्हाऱ्याच्या एका लग्नात दांड्याच्या खाचेत बुंदीचा दाणा अडकला. मी जेवण टेबलावरच करायची, त्याचा हा प्रसाद. दांडा मधोमध थांबला आणि मोठ्या पडद्यावर डावीकडं नवरीचा धाकटा काका, उजवीकडं थोरला काका. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. धाकटा तावातावानं कनातीत शिरला.

"बाई, त्याले माह्या बाजूले काहून बसवलं?"

"मी नाही बसवलं, भाऊ. दांडा अटकला."

"मंग त्याच्याकडून पुसा न! माह्याकडून काहून पुसून राहिल्या?"

तेवढ्यात थोरला दुसऱ्या बाजूनं आत आला. तोही हेच म्हणत. त्या खोक्यात तिघांना उभं राहायला जागा नाही. इतक्या वर्षांत ते दोघं एकमेकांच्या एवढ्या जवळ आले नसतील. बोलले मात्र माझ्याशीच. मी हेअरपिननं दाणा काढला.

अमरावतीच्या एका बापानं सकाळीच बजावलं, "मशीनमंधी जेवढे नमुने हायत तेवढे सगळे पायजे. एकही सोडू नोका." मी सोडला नाही. पाठवणीला नवरीची आई रडत होती, तिच्यावर शंकरपाळा मारला. तिचा चेहरा मधून फाटला आणि त्यातून आइस्क्रीमची गाडी बाहेर आली. त्या बाईनं ते मोठ्या पडद्यावर पाहिलं. तिनं पदर पुढं ओढला. रडणाऱ्या माणसाला वाइपनं कापायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिला आधी कळलं.

कॅमेरावाल्यांच्या आणि माझ्या कानाला हेडफोन असायचा, तोंडापाशी माइक. मी बोलले की सगळे ऐकणार, त्यांच्यातलं कोणी बोललं तरी सगळे ऐकणार. पहिला कॅमेरा ह्यांचा. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घरी 'अहो' चालतं. हेडफोनवर 'अहो' म्हटलं तर तीन माणसं 'काय' म्हणायची. म्हणून मी ह्यांना एक नंबर म्हणायची. 'एक नंबर, नवरीच्या हातावर या.' 'एक नंबर, मामाले घ्या.' ते मला मिक्सर म्हणायचे. घरी आमचं बोलणं फार नव्हतं. भांडणही नव्हतं. भाजी कोणती, दार लावलं का, एवढंच. लग्नाच्या दिवशी मात्र सकाळी नवापासून चारपर्यंत ते माझ्या कानात असायचे.

आता जे सांगायचं आहे ते. दोन वर्षं मी वाइप मारून माझ्या नवऱ्याचे डोळे झाकले. डोळे जात आहेत हे पाहणारी जगात मी एकटी होते. मला दर लग्नात ते सात इंची पडद्यावर दिसत होतं, आणि मी ते डोळ्यांचं दुखणं म्हणून पाहिलं नाही. चित्राचं दुखणं म्हणून पाहिलं.

ह्यांची चौकट पक्की होती. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावलेला आणि डावा उघडा. कोण उठलं, कोण आलं, कोणाच्या हातात हार आहे, सगळं त्या डाव्या डोळ्यानं टिपायचे. मी सांगायच्या आधी त्यांचं चित्र तिकडं वळलेलं असायचं. मग कडेची माणसं कापली जायला लागली. आधी एक करवली अर्धी आली. मग नवरदेवाचे वडील खांद्यापासून गायब. मधलं माणूस स्वच्छ, ठळक, फोकसमध्ये. कडेचं जणू मांडवात नव्हतंच.

"एक नंबर, डावीकडं मोकळं ठेवा."

"ठेवलं हाय."

ठेवलेलं नसायचं. पुढं धक्के सुरू झाले. चालताना खुर्चीला लागले, पेटीला लागले, माणसाला लागले. माझ्या पडद्यावर मांडव हलायचा.

मी काय केलं? दोन नंबरचा कॅमेरा कायम तयार ठेवला. ह्यांच्या चित्राची जी कड बिघडेल, त्याच कडेनं वाइप आणायची. डावीकडचा माणूस कापला गेला तर डावीकडून पुसायचं. धक्का बसला तर घडी. घडीत धक्का खपतो, पान उलटताना सगळं हलतंच. लपवायला साधा कटही पुरला असता. पण कट मारला की बघणाऱ्याला कळतं काहीतरी चुकलं. वाइप मारला की वाटतं, हे ठरवून केलं.

लोक खूश व्हायला लागले. "काकू, तुमचा हात भल्ला चालते हो." अमरावतीचा एक मंडपवाला मुद्दाम कनातीत डोकावला, म्हणाला, "असे वाइप म्या नागपुरातही नाही पाह्यले." मला ते आवडलं. लिहायला बरं वाटत नाही, पण आवडलं. चौथी शिकलेल्या बाईला कोणी उठून सांगायला येत नाही की तुझं काम चांगलं आहे. यायला लागले, तेव्हा ते का येतात हे मी स्वतःला विचारलं नाही.

हेडफोनवर सांगण्यासारखं नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं असतं. घरी एकदा सांगितलं. पोळ्या करत होते.

"एकडाव डोळे दाखवून या."

"काहून?"

"कडा कापल्या जाऊन राहिल्या."

"कॅमेरा जुना झाला," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीला देऊन आले. कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं. तो आठवड्यानं परत आला. पुढच्या लग्नात मी पुन्हा वाइप मारला.

दोन नंबरचा कॅमेरा रामदासकडं होता. चाळिशीचा, तोंडाळ, कामाला चोख. तो एकदा हेडफोन काढून कनातीत आला.

"काकू, भाऊचं काही खरं नाही. मांडवाच्या खांबाले धडकले. खांब काय चालत आला त्यायच्याकडं?"

"तू तुही चौकट पाह्य."

"माही चौकट तर तुमीच पाहून राहिल्या दिवसभर. पाच मिनिट झाले का एक नंबर पुसला, दोन नंबर घेतला. मले पानी प्याले फुरसत नाही."

मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि परत पाठवला.

मग वरुडचं लग्न आलं. संत्र्याचा व्यापारी, एकुलती मुलगी, दुपारचा मुहूर्त. मांडवाच्या मधल्या वाटेवर दोन्ही अंगांना चौरंग मांडले होते आणि प्रत्येक चौरंगावर संत्र्यांची रास. देखणं होतं. पण वाट त्यानं अरुंद झाली होती.

नवरीला मामा घेऊन निघाले, मागं कऱ्हा घेतलेली करवली. ह्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन नवरीच्या पुढं उलटं चालायचं. हे काम नवख्याचं नाही. उलटं चालणारा कॅमेरावाला अधूनमधून मान थोडी वळवतो, आणि मागची वाट त्याला डोळ्याच्या कडेनं दिसते. त्या कडेच्या भरवशावर तो चालतो. ह्यांनी अशा किती नवऱ्या मांडवात आणल्या असतील.

नवरीचा चेहरा माझ्या पहिल्या पडद्यावर भरून आला होता. फार सुरेख चित्र होतं. तेच बाहेर चाललं होतं. माझं बोट सवयीनं घडीवर होतं. एकदम चेहरा खाली गेला, मांडवाचं छत आलं, आणि तेवढ्यात मी घडी मारली. मोठ्या पडद्याकडं पाहणाऱ्यांना काही कळलं नाही. नवरी चालत होती, पान उलटलं, नवरदेव उभा दिसला.

माझ्या छोट्या पडद्यावर मात्र राहिलेलं सगळं आलं. गालिचा आडवा. त्यावरून घरंगळत जाणारी संत्री. आणि चौकटीच्या कोपऱ्यात ह्यांचा हात.

हेडफोनमध्ये ह्यांच्या माइकवरून मामाचा आवाज आला. "अबे बुढ्या, दिसून नाही राहिलं काय तुले? एवढा मोठा चौरंग!"

मग ह्यांचा आवाज. मामाला नव्हे, मला. "मिक्सर, मले चौरंग दिसलाच नाही वं."

हे सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "रामदास, नवरदेवावरून हलू नको."

ह्यांना मी काही म्हटलं नाही.

मिक्सरवरून उठता येत नाही. मी उठले की मोठ्या पडद्यावर जे आहे ते तसंच राहतं. मुहूर्ताची वेळ, हजार माणसं त्याच पडद्याकडं पाहणारी. तीन नंबरचा कॅमेरा स्टेजसमोर तिपाईवर कायमचा लावलेला होता, त्याच्यावरच्या पोराला सांगून तो नवरीवर वळवून घेतला. दोन आणि तीनवर मी मंगलाष्टकं काढली. आंतरपाट आला, दांडा ओढला, टाळ्या पडल्या. पहिल्या पडद्यावर गालिचा आडवाच होता. पडलेला कॅमेरा कोणी बंद केला नव्हता. लोकांचे पाय यायचे, जायचे. ह्यांचा हात केव्हातरी तिथून गेला होता. कोणी उचललं, कुठं नेलं, मला दिसलं नाही. पाऊण तास मी तो गालिचा पाहत काम केलं.

मग गेले. ते मागं, स्वयंपाकाच्या मांडवात, पोत्यांवर बसले होते. कोपराला आचाऱ्याच्या बायकोनं हळद लावून फडकं बांधलं होतं. तिनंच चहा दिला होता.

मला समोर पाहून ते म्हणाले, "आंतरपाट जमला?"

"जमला."

"मंग ठीक."

अकोल्याच्या डॉक्टरनं ह्यांना एका मशीनपुढं बसवलं. आत दिवे चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं बसले होते. बराच वेळ बटणाचा आवाज येत नव्हता. मग मशीनमधून कागद आला. मधे थोडं पांढरं, भोवती सगळं काळं. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोळपाट मिटत आला की पडद्यावर असंच दिसतं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. यात बहुतेक वेळा कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. गेलेली परत येत नाही. आहे ती थेंबांनी टिकवायची. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"असंल चार-सहा महिने," हे म्हणाले.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

हे माझ्याकडं वळले. त्यांना मान पुरी वळवावी लागली, तेव्हा मी त्यांना दिसले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर," आणि तिथंच थांबले. वाक्य सोपं होतं. पुढचं मीच पुरं केलं, मनात.

ऑटोत बसल्यावर हे बोलले.

"तुले मालूम होतं?"

"चित्र बिघडते, एवढं मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली होती. तुमीच म्हनले, कॅमेरा जुना झाला."

"एकडाव बोलली. मंग दोन वर्षं काय केलं?"

"वाइप मारला."

ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं.

त्यांनी कॅमेरा पुन्हा खांद्यावर घेतला नाही. मी म्हटलं होतं, तिपाईवरचा तरी सांभाळा. म्हणाले, "तिपाईले मानूस कायले पायजे?" मी मात्र जात राहिले, कोणी तरी जायला हवं होतं. पहिल्या कॅमेऱ्यावर रामदास आला. त्याला मी रामदासच म्हणायची. काम नीट व्हायचं. रामदासच्या चित्रात झाकण्यासारखं काही नसायचं, तेव्हा माझे वाइप कमी झाले. एका गिऱ्हाइकानं तक्रारही केली की काकूंचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही.

घरी हे खिडकीजवळ खुर्चीत बसायचे. चालताना हात पुढं. जेवताना ताटाच्या मधलं दिसायचं, कडेची चटणी दिसायची नाही, मी वाटी मधे सरकवायची. मी अगदी समोर बसले तर त्यांना दिसायची. थोडी बाजूला सरकले की त्यांच्या लेखी खोलीत कोणी नसायचं. थेंब घालायला दिवसातून दोनदा मी समोर उभी राहायची. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं पाहिलं असेल तेवढंच.

हे गेले त्याला दोन दिवाळ्या झाल्या. छातीचं दुखणं होतं, डोळ्यांचा त्यात संबंध नाही. ते गेल्यावर मी काम सोडलं. मिक्सर घरात झाकून ठेवला आहे.

ते असतानाची एक गोष्ट तेवढी राहिली. आषाढ लागला की लग्नं थांबतात, आमच्या धंद्याला चार महिने सुट्टी. त्या सुट्टीत एका दुपारी ते म्हणाले, "ते दोन वर्षाचे लग्नं काढ."

"कोनते?"

"जे तू झाकले, ते."

मी त्या लग्नांची रेकॉर्डिंगं काढली. टीव्ही खोलीच्या त्या टोकाला ठेवला आणि त्यांची खुर्ची या टोकाला. लांब ठेवला की सगळं चित्र त्यांच्या उरलेल्या नजरेत मावायचं. मी शेजारी रिमोट घेऊन बसले. आम्ही रोज दुपारी एक लग्न पाहायचो.

एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कॅमेऱ्यांमध्ये वेगळं रेकॉर्ड करत नव्हतो. मिक्सरमधून बाहेर सोडलं तेवढंच राहायचं. वाइपखाली गेलेलं चित्र कुठंही उरलेलं नाही. ते मी एकटीनं पाहिलेलं. म्हणून ते प्रत्येक वाइपला थांबवायला लावायचे आणि मला विचारायचे.

"हे काहून पुसलं?"

"करवली अर्धी आलती."

"अन हे?"

"खांबाले लागले तुमी."

"हे?"

"हे साधंच. गानं बदललं म्हनून मारला."

"खरं सांग."

"खरंच सांगून राहिली. चित्र चांगलं होतं तुमचं. नवरीची आजी होती, हसून राहिली होती."

ते मान हलवायचे. पटलेलं नसायचं. माझे कितीतरी वाइप असे होते, ज्यांच्याखाली त्यांचं चित्र एकदम झकास होतं, आणि दुसरीकडं काही घडत होतं म्हणून मी ते सोडलं होतं. पण ते दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. त्यांनी सगळेच वाइप चुकीच्या खात्यात टाकले. मी नाही नाही म्हणत राहिले. दोन वर्षं गप्प राहिलेल्या बाईनं नाही म्हटलं तर कोण ऐकणार?

शेवटी वरुड आलं. नवरी चालत आली. पान अर्धं उलटलं आणि ते म्हणाले, "थांबव."

मी थांबवलं. अर्ध्या पडद्यावर दुमडलेली नवरी, अर्ध्यावर नवरदेव.

"याच्याखाली काय?"

"आधी छत आलं. मंग गालिचा. संत्री घरंगळत गेली. मंग तुमचा हात."

"हात कसा होता?"

"उताना. काही धराले गेल्यासारखा."

"अन तू?"

"मी दोन नंबर घेतला."

ते टीव्हीकडं पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मी पडलो, अन तू दोन नंबर घेतला."

"हो."

रागानं म्हटलं असतं तर मी काही उत्तर दिलं असतं. ते रागावले नव्हते. झालं काय ते नीट लावून घेत होते, एवढंच.

"लाव पुढं," ते म्हणाले.

मी लावलं. मंगलाष्टकं झाली, आंतरपाट आला. भटजीच्या बाजूच्या माणसानं तो आधी थोडा ओढला, थांबला, मग पुरा ओढला. वाइपही तसाच थांबला आणि तसाच गेला. ते खुर्चीत पुढं सरकले.

"हे मात्र झकास काढलं वं तू," ते म्हणाले. "थांबली कशी बराबर. मशीनवर सोडला असता तर पाट राह्यला असता अन नवरदेव अगुदर आला असता."

इतक्या वर्षांत ते माझ्या कामाविषयी पहिल्यांदा बोलले. मी रिमोट माझ्या खुर्चीवर ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पायात काही नव्हतं, टीव्हीचा आवाज चालू होता. मी उठल्याचं त्यांना कळलं नाही. ते बोलतच राहिले. त्यांचा कॅमेरा असता तर कुठं उभा केला असता, मामाच्या उजव्या खांद्यामागून नवरीचे हात कसे आले असते, मी तेव्हा दांडा किती हळू घ्यायला हवा होता. घरात त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. मी तिथून काही बोलले असते तर आवाजावरून माझी खुर्ची रिकामी आहे हे कळून ते थांबले असते.